संगीत थांबेपर्यंत

सूक्ष्मनाद साधना मंडळाने माझ्या बहिणीच्या मृत्यूनंतर आठव्या दिवशी जे निवेदन काढले, त्यातील मुख्य भाग असा : 'साधिका अक्काताई या सूक्ष्मदेहाने प्रवासात असताना, संगीत थांबण्यापूर्वी त्यांच्या देहाला कन्येने स्पर्श केला. त्यामुळे परतीचा मार्ग खंडित होऊन त्यांचे देहावसान झाले. साधनापद्धतीत कोणताही दोष आढळलेला नाही.'

मजकूर सुबक आहे. मृत्यूला कारण दिले आहे, कारणाला माणूस दिला आहे, आणि तो माणूस मंडळाचा सभासद नाही. माझी भाची आदिती चोवीस वर्षांची आहे. कसबा बावड्यातल्या एका बालवाडीत शिकवते. हे निवेदन तिने वाचले आणि त्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून ती कुणालाही हात लावत नाही. बालवाडीतली पोरे धावत येऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारतात, तेव्हा ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते. ते हात सुटावेत, एवढ्याचसाठी मी हे निवेदन खोडून काढायला बसलो. चाळीस वर्षे प्राकृत पोथ्यांचे पाठभेद तपासलेल्या माणसाला तीन वाक्यांचे खोटे उघडे पाडणे अवघड जाऊ नये, अशी माझी समजूत होती.

आधी पद्धत सांगतो. मंडळाचे प्रमुख जोतीराम गुरुजी मूळचे गायक. शिरोळकडच्या गावांतून हार्मोनियमच्या शिकवण्या घेत, लग्नाकार्यांत गात. सहा वर्षांपूर्वी त्यांना असा शोध लागला, की मारव्याचा संथ आलाप उताणे पडून, डोळे मिटून ऐकला तर सूक्ष्मदेह स्थूलदेहाबाहेर काढता येतो. युक्ती अशी : मारव्यात गळा षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आसपास घोटाळतो, त्यावर विसावत नाही. साधकाने त्या न आलेल्या षड्जावर सगळे लक्ष लावायचे. वाट पाहून पाहून चित्त एकाग्र होते आणि, पत्रकाच्या भाषेत, 'स्वराच्या शोधात देहाबाहेर निघते'. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला षड्ज लागतो, साधक परततो. अठ्ठेचाळिसाव्याला संगीत थांबते. घरी साधना करणाऱ्यांना गेली दोन-तीन वर्षे या आलापाचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर दिले जाते. नियम तीन. पोट रिकामे असावे. घाम, मंद श्वास आणि हाकेला उत्तर न मिळणे ही प्रस्थानाची लक्षणे मानावीत. संगीत थांबेपर्यंत देहाला कोणी हात लावू नये. मारवा हा संध्याकाळचा राग सकाळी दहाला ऐकवला जातो, ही तक्रार मी सोडून देतो. या प्रकरणातला तो सर्वांत निरुपद्रवी गुन्हा आहे.

अक्काताईला बाहेर कशाला पडायचे होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे यजमान जिनेंद्र गेले. चेहरा दिसला नाही. वीस फुटांवरून बांधलेले प्लॅस्टिक दिसले. तिला एकदा जाऊन त्यांना पाहायचे होते. आमच्या जैन शास्त्राप्रमाणे देह सोडलेला जीव तीन-चार समयांत पुढच्या जन्माला पोहोचतो, आणि समय म्हणजे पापणी लवण्याचाही असंख्यातवा भाग. जिनेंद्र कुठे तिची वाट पाहत थांबले असणे शक्यच नव्हते. रोज मंदिरात जाणाऱ्या माझ्या बहिणीला हे पाठ होते. पाठ असलेल्या गोष्टीचा माणसाला किती आधार होतो, यावर मी आयुष्यभर व्याख्याने दिली आहेत.

आता निवेदन. 'संगीत थांबण्यापूर्वी' हे पहिले असत्य. त्या रविवारी सकाळी आठला अक्काताईने इन्सुलिन घेतले, नियमाप्रमाणे काही खाल्ले नाही, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी ती पलंगावर आडवी झाली. पहाटे स्तोत्र लावून ठेवायची तिची सवय. ते पुन्हापुन्हा वाजावे म्हणून तिच्या मोबाईलमध्ये रिपीटची खूण कायम चालू असे. ती तशीच राहिली. मारवा संपला आणि पुन्हा सुरू झाला. मोबाईलमधली नोंद मी स्वतः पाहिली : सहा वेळा पूर्ण, सातव्यांदा अर्धा. आदितीने आईच्या कपाळाला हात लावला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. अठ्ठेचाळीस मिनिटांचे संगीत तोवर सहा वेळा थांबलेले होते; थांबून लगेच सुरू होत होते, इतकेच.

स्पर्शाने मृत्यू ओढवला, हे दुसरे असत्य. स्पर्श झाला तेव्हा अक्काताई जिवंत होती, रुग्णालयात पोहोचली तेव्हाही जिवंत होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. रक्तातली साखर उतरली होती आणि बराच वेळ उतरलेलीच राहिली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, दुपारी बाराच्या आत शुद्धीवर आणलं असतं, नुसती साखर पोटात गेली असती, तरी त्या वाचल्या असत्या." आणि ही गोष्ट साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीतली आहे.

'साधनापद्धतीत दोष नाही' हे तिसरे. मंडळाच्या पत्रकात 'जैन आगमांतील प्रमाण' म्हणून आहारक शरीराचे वर्णन छापले आहे : मुनीला तत्त्वाविषयी शंका आली की त्याच्यातून हातभर उंचीचा एक शुभ्र देह निघतो, दूरच्या सर्वज्ञ केवलींपाशी जाऊन समाधान घेतो आणि परततो. वर्णन अचूक आहे, कारण ते माझे आहे. तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या व्याख्यानाला गुरुजी पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. त्यांनी वगळले ते इतकेच, की हा देह फक्त चौदा पूर्वांच्या, म्हणजे समग्र प्राचीन आगमांच्या, ज्ञात्या मुनीचा निघतो, आणि तो अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, परत आलाच पाहिजे. मिनिटांचा आकडा मात्र त्यांनी ठेवला. ध्वनिमुद्रणाची लांबी कुठून आली, हे मला निवेदन खोडायला बसलो त्या रात्रीपर्यंत सुचले नव्हते.

पत्रक हाती पडल्यावर अक्काताईने मला फोन केला होता. "आण्णा, हे तुम्हीच सांगितलंय म्हणे?" मी मुद्रिते तपासत होतो. म्हणालो, "मी मुनींबद्दल सांगितलंय, तुझ्याबद्दल नाही," आणि ठेवला. ते उत्तर आजही निर्दोष आहे.

हे सर्व चौदा पानांत मांडून, त्याची एक प्रत तक्रारीसोबत पोलिसांना देऊन, दुसरी घेऊन मी आदितीकडे गेलो. तक्रारीत आरोपी क्रमांक एक, जोतीराम. आदिती खुर्चीत बसली होती, हात ओढणीत गुंडाळलेले. मी वाचत गेलो. तिने एकदाही अडवले नाही. संपल्यावर म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते परत वाचा की, मामा."

मी वाचले.

"म्हणजे मी हात लावला म्हणून नाही गेली."

"नाही. मुळीच नाही."

"हात लावला नाही म्हणून गेली."

मी चष्मा काढला, पुसला. ते वाक्य माझ्याच युक्तिवादाचा अंतिम निष्कर्ष होता, आणि मी तो लिहायचा टाळला होता.

"तुला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "गाणं पुन्हा सुरू झालं हे तुला कळायचं कारण नव्हतं. असले आलाप सगळे सारखेच वाटतात."

"मला कळलं होतं, मामा." तिचा आवाज शांत होता. "तो शेवटचा सूर येतो ना, सा, तो आला. मी पाण्याचा पेला उचलला. आई उठली नाही आणि तानपुरा परत सुरू झाला. मला वाटलं, पप्पा भेटले असतील, म्हणून आई रेंगाळली. तिसऱ्यांदा सा आला तेव्हा तिची उशी ओली झाली होती घामानं. मी पत्रक काढून वाचलं. घाम चांगला, असं लिहिलेलं. चौथ्यांदा मला नक्की कळलं की हे नुसतं फिरतंय. पण थांबत नव्हतं ना. लिहिलेलं की थांबेपर्यंत."

"मोबाईल बंद करायचा होतास," मी म्हणालो. हे मी म्हणालो. शास्त्रीय चिकित्सेच्या सवयीने म्हणालो.

"मी बंद केला असता आणि आई वाटेत राहिली असती तर, मामा?"

मंडळाच्या खोट्यात तिने आईला एका क्षणात मारले होते. माझ्या सत्यात तिला त्यासाठी पाच तास दहा मिनिटे लागली होती. मी तिला मोकळे करायला गेलो होतो.

चार दिवसांनी गुरुजी स्वतः आदितीच्या घरी आले. सोबत आदितीच्या वरच्या मजल्यावरच्या झुंबरबाई होत्या, मंडळाच्या जुन्या साधिका. अक्काताईला शिबिराला पहिल्यांदा त्याच घेऊन गेल्या होत्या. मी तिथेच होतो. गुरुजी सत्तरीला टेकलेले, धोतर स्वच्छ, गळ्याला मफलर. हातात वकिलाने लिहून दिलेले नवे निवेदन होते. त्यात 'स्पर्श' काढून 'अनपेक्षित व्यत्यय' घातले होते.

"पाठभेद म्हणून बरा आहे," मी म्हणालो. "अर्थ तोच राहिला, फक्त भित्रा झाला."

"सर, तुमी लई शिकलेली मान्सं," झुंबरबाई उसळल्या. "पर गुरुजींस्नी किती पिडणार? चार दिस झालं, पोटात अन्न न्हाय त्यांच्या. मी सोत्ता चार येळा भाईर जाऊन आलोय की! आमच्या म्हशीवरनं तरंगत गेलतो."

"म्हशीने काय सांगितलं?"

"चेष्टा करताय व्हय? अक्काताई माझी मैतरीण हुती!" त्यांचा आवाज फुटला आणि त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती.

आदिती आतून आली. तिने गुरुजींना नमस्कार केला, तोही हात न जोडता, मान लववून. "बसा, काका."

ते बसले नाहीत.

"एकच विचारते. हात लावू नये म्हणून जे लिहिलंय, ते कशामुळं? लावला तर काय होतं? तुमचं कधी झालं होतं तसं? वाटेत असताना कुणी हात लावला, आणि यायला जमलं नाही, असं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी काही तरी बोलावे, वाद घालावा, असे त्यांना मनापासून वाटत असावे.

"मला माहीत पाहिजे की, काका," आदिती म्हणाली. "ते खरं असेल तर मी पाच तास थांबले ते आईसाठी थांबले. मग मला एवढं तरी राहील. तुम्ही खरं काय ते सांगा."

"गुरुजी, सांगा की तिला," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमी तर हिमालयापतूर जाऊन आलाय."

गुरुजींनी नवे निवेदन घडी करून खिशात घातले. मग ते आदितीकडे पाहून बोलले. मी समोर होतो, झुंबरबाई समोर होत्या, आणि ते बोलत असतानाच मी चौदा पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले. पुढचे शब्द त्यांचे आहेत. त्यात मी एका अक्षराचाही फेर केलेला नाही.

"म्या सोत्ता कदी भाईर गेलो न्हाय, पोरी. एकदाबी न्हाय. आनि हात लावायचा न्हाय ह्यो नियम कुटल्या पोथीतबी न्हाय, माझा म्याच केला. तीस वर्सं गायलो मी. लग्नात, बारशात, गणपतीत. लोक जेवत हुती, म्होरं बसून बोलत हुती, मधनंच उठून जात हुती. पयल्या शिबिराला मान्सं डोळं झाकून पडली आनि कुनी हललं न्हाय. मग एका बाईच्या नातीनं तिला हलवून उटवलं, ती बगून समदीच उटली, आनि माझा षड्ज लागायचा ऱ्हायला. दुसऱ्या दिशी म्या फळ्यावर लिवलं, संगीत थांबेपर्यंत हात लावू नये. शेवटपतूर कुनीतरी ऐकावं म्हनून लिवलं. दुसरं काय बी कारन न्हाय."