दोन नंबरच्या बोअरचे पाणी

मी एक जुनी कुपी आहे. काचेची, तुमच्या करंगळीएवढी. माझ्या पोटात सोने आहे असे सांगितले तर तुमचे डोळे विस्फारतील. पण हुरळून जाऊ नका. माझ्यातल्या सोन्यातून मुंगीच्या पायातला वाळासुद्धा निघायचा नाही. ते कण इतके बारीक आहेत की एका केसाच्या जाडीत पाच हजार जण शेजारी शेजारी उभे राहतील. एवढे बारीक झालेले सोने पिवळे राहत नाही, लाल दिसते. मीही एके काळी चेरीच्या सरबतासारखी लाल होते.

मला घडवले बोदिलने. डेन्मार्कमधल्या ओस्टरलुंड नावाच्या खेड्यातली ही बाई तीस वर्षे शहरातल्या प्रयोगशाळेत होती. निवृत्त होऊन ती आईच्या घरी परतली आणि मागच्या खोलीत तिने आपली भांडीकुंडी मांडली. सोन्याचा क्षार उकळत्या पाण्यात घातला, त्यात लिंबातल्या आम्लाचे मीठ टाकले. पाणी आधी फिके, मग काळपट आणि मग लाल झाले. मग तिने आमच्या कणांवर एक लेप चढवला. तो लेप एकच गोष्ट ओळखतो: बिटाच्या शेतात पूर्वी फवारायचे त्या तणनाशकाचा अंश. तो भेटला की माझे कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मी निळी होते. एकदा निळी झाले की परत लाल होणे नाही.

मित्रांनो, नांगराने, सायकलीने तुम्हाला आपल्या कष्टाच्या वर्षांच्या कहाण्या ऐकवल्या असतील. माझी नोकरी चार मिनिटांची. त्याआधी दीड वर्ष मी बोदिलच्या फ्रिजमध्ये हेरिंग माशाच्या बरणीला टेकून बसले होते.

मार्चमधल्या एका सकाळी तिने गावाच्या दोन्ही बोअरचे पाणी आणले. माझ्या बहिणीला, म्हणजे शेजारच्या कुपीला, एक नंबरचे मिळाले, मला दोन नंबरचे. ती लालच राहिली. मी चौथ्या मिनिटाला निळी झाले. बोदिलने आणखी तीन कुप्या घेऊन पाहिले, त्याही निळ्या. मग तिने हातातला कॉफीचा कप सिंकमध्ये ओतला. ते तणनाशक बंद होऊन वीस वर्षे झाली होती. पण जमीन गिळलेले सावकाश खाली सोडत राहते. गावाच्या पाण्याची सरकारी तपासणी दरवर्षी होई, फक्त त्या यादीत हे नाव नव्हते. जे शोधतच नाहीत ते सापडणार कसे?

नऊ दिवसांनी गावाच्या पाणीसंस्थेची वार्षिक सभा होती. अध्यक्ष विगो. सव्वीस वर्षे बिनपगारी कारभार; आणि त्याच्या तरुणपणी दोन नंबरच्या बोअरशेजारचे बिटाचे शेत त्याचेच होते. आधी सगळ्यांनी मिळून गाणे म्हटले, मग केक आणि कॉफी, मग एकेक विषय. शेवटच्या 'इतर विषयां'त बोदिल उभी राहिली आणि तिने मला उंच धरले.

"ही दोन नंबरच्या पाण्यानं निळी झाली. ती बोअर बंद करा, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. तोवर एक नंबरवर भागवू."

"निळी तर शाईपण असते, बोदिल!" मागून कोणीतरी म्हणाले. सभागृह खदाखदा हसले.

"चार कुप्या झाल्या, चारही निळ्या. माझं चुकत असेल तर प्रयोगशाळा सांगेल. पाठवा तर खरं!"

सभा चालवायला बसवलेल्या गावच्या शाळामास्तरांनी नियमांची चोपडी उघडली. "ठराव चौदा दिवस आधी लेखी द्यायचा असतो. इथं नुसतं बोलता येतं, काही ठरवता येत नाही."

"मला कळूनच नऊ दिवस झालेत! पाण्याला तुझी चौदा दिवसांची अट कोण सांगणार?"

"मग पुढच्या मार्चमध्ये आण."

मास्तर दुष्ट नव्हते, हेच मला जास्त झोंबते. त्या सभागृहाला आग लागली असती तरी ती विषयपत्रिकेत आहे का, हे त्यांनी आधी पाहिले असते.

तेवढ्यात विगोची मुलगी मारेन उठली. तिच्या हातांत सहा आठवड्यांचे बाळ होते. "बाबा, मी याची दुधाची पावडर कशात कालवू?"

विगोने नळाखाली ग्लास भरला आणि एका दमात रिकामा केला. "याच्यात. तुला ह्याच पाण्यावर वाढवली. काही कमी पडलं का तुझ्यात?"

टाळ्या कडाडल्या. "शहरात राहून फारच शहाणी झालीस गं!" बोदिलला कोणीतरी म्हणाले. ती खाली बसली. विगोने हात पुढे केला, "दे ती इकडे. नोंदीला राहू दे." तिने मला त्याच्या हाती दिले. मला वाटले, आता हा मला प्रयोगशाळेत पाठवणार.

त्याने मला आपल्या तळघरात, रंगाच्या डब्यांमागे ठेवले. नमुना कुठेही गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गाडीतली खोकी तळघरात आणू लागला. बाटलीबंद पाण्याची सहा खोकी, चाळीस किलोमीटरवरच्या दुकानातून आणलेली. मारेन बाबागाडी घेऊन आली आणि तळघराच्या दारातच थबकली.

"बाबा, तू तर म्हणालास पाणी चांगलं आहे."

"चांगलंच आहे."

"मग हे?"

"लहान जीव आहे गं. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"आणि शेजारच्या इनाचं बाळ? ती नळाचंच पाणी देते त्याला."

विगो खोकी रचत राहिला. मग म्हणाला, "बाटल्यांवरचे कागद काढून टाक. आणि कुणाकडे बोलू नकोस."

ही आता गावाला सांगेल, अशी मला आशा वाटत होती. पण तिने एक खोके उचलले, बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि वरून बाळाची दुलई टाकली.

पुढच्या मार्चमध्ये बोदिलने ठराव वेळेवर, लेखी दिला. तो एकतीस विरुद्ध चार मतांनी पडला. मारेनने हात वर केला नाही. विगो हे बायकोला तळघराच्या जिन्यात सांगत होता, तेव्हा त्याच्या आवाजात आनंद नव्हता. पण त्याचे मी काय करू? इनाचे बाळ तोवर स्वतःच्या हाताने पेला धरून पाणी प्यायला शिकले होते.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावर विश्वास ठेवा, अशी विनवणी मी करणार होते. पण विश्वास तर विगोने ठेवलाच होता. अख्ख्या गावात बोदिलखालोखाल माझ्यावर त्याचाच विश्वास होता. म्हणून तुमच्याकडे मागणे एवढेच, की जे पाणी आपल्या नातवाच्या ओठांना लावणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला 'पी' म्हणू नका.