नरहररावांची हलकी बॅग

गाणगापूरला पायी जायचं ठरलं आणि नरहररावांना वजनाचं वेड लागलं. गौलीगुड्यात भांड्यांचं दुकान असलेले प्रतापराव दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी हैदराबादहून माणसं घेऊन निघायचे. सोबत गाडी नाही, ज्याचं त्यानं पाठीवर घ्यायचं आणि पाच किलोच्या वर काही घ्यायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. साखरेचा आजार असलेल्यांना मात्र ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेत नसत. नरहरराव सचिवालयातून निवृत्त झालेले. नियम दिसला की तो इतरांपेक्षा जास्त पाळून दाखवायची त्यांना सवय होती. स्वतःच्या साखरेचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण सामान तोलायचा हुकाचा काटा विकत आणला, आणि नल्लकुंट्याच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी ते आपली बॅग त्याला लटकवून बघू लागले.

सुशीलाबाईंना यायचंय का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. जोडप्यानं गेलेलं बरं, असं नरहररावांनी ठरवलं. सकाळी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात दोघं सरावाला जात, नरहरराव पुढे आणि सुशीलाबाई मागे.

नवीन काही आठवून बॅगेत पडे, तसा काटा रोज थोडा वर चढत होता. नरहररावांनी पंचा फाडून अर्धा केला, ब्रशची दांडी मोडली. मग ब्लँकेट काढलं. "हे तुझ्यात टाक," ते म्हणाले. नंतर जाड मोजे, कानटोपी, तेलाची बाटली. फोन दोघांत एकच पुरे म्हणून स्वतःचा घरी ठेवला. शेवटी साखरेच्या गोळ्यांची पिशवी तिच्या हातात दिली. तिला लागतेच किती जागा, असं म्हणाले. सुशीलाबाई एकेक वस्तू घेऊन आपल्या बॅगेत बसवत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय कुठे ठेवलंय हे कधी माहीत नव्हतं, त्यामुळे यात त्यांना वेगळं काही वाटलं नाही.

निघायच्या आदल्या रविवारी चिक्कडपल्लीला मराठी मंडळात नरहररावांचं छोटंसं भाषण झालं. माणसाला खरं म्हणजे किती कमी लागतं, यावर ते बोलले. बॅग एका बोटावर उचलून दाखवली. टाळ्या पडल्या.

निघायच्या दिवशी पहाटे प्रतापरावांच्या दुकानात सगळ्यांच्या बॅगा तोलल्या. नरहररावांची सगळ्यांत हलकी भरली. सुशीलाबाईंची तोलली तेव्हा प्रतापराव हसले आणि म्हणाले, "वहिनी, हे तर नक्को. गुडघे जातील. काहीतरी काढा."

"आमच्या हिला घर सोडवत नाही," नरहरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणून अर्धं पाठीवर घेतलंय."

लोक हसले. सुशीलाबाईंनी बॅग उघडली. वरच नवऱ्याचं ब्लँकेट होतं. त्यांनी मान वर करून बघितलं. आता तरी हे काही बोलतील असं त्यांना वाटलं. नरहरराव कुणाला तरी ब्रशची मोडलेली दांडी दाखवत होते. मग बाईंनी आपला स्वेटर काढला, दुसरी साडी काढली, गुडघ्याला बांधायचा पट्टा काढला आणि ते सगळं दुकानात ठेवून त्या निघाल्या.

चेवेळ्यापर्यंत ठीक चाललं. त्यापुढे थंडी वाढली. शाळांच्या व्हरांड्यात मुक्काम असायचा. नरहरराव ब्लँकेट घेऊन झोपत आणि सुशीलाबाई अंगावरच्या साडीचा पदर गुंडाळून बसून राहत. सकाळी उठून, कुणी बघत नसताना, नवऱ्याच्या हातावर गोळ्या ठेवत. ब्लँकेट पुन्हा घडी होऊन बाईंच्याच पाठीवर चढे. परगीला पोचेपर्यंत त्यांचा उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. विद्यानगरच्या सुनंदा, बँकेतून निवृत्त झालेल्या, त्या सोबत होत्या. त्यांनी तेल लावून बघितलं, पण बाईंना पाय टेकवेना.

प्रतापराव म्हणाले, आपण एक दिवस थांबू. नरहररावांना ते पटलं नाही. एकासाठी सगळ्यांनी का अडायचं, बसमध्ये बसवून दिलं की दुपारपर्यंत घरी पोचेल, असं त्यांनी सांगितलं.

स्टँडवर सुशीलाबाईंची बॅग धरून सुनंदा उभ्या होत्या. बस यायची होती. नरहरराव घड्याळ बघत होते, कारण बाकीची माणसं पुढे निघाली होती. सुशीलाबाईंना गोळ्यांची आठवण झाली आणि त्यांनी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला.

"मी निघतो," नरहरराव म्हणाले. "पहिल्यापासून सांगत होतो तुला. ओझ्याचा सोस असला की माणूस कुठंच पोचत नाही."

बाईंचा हात पिशवीवर होता. तो तिथेच राहिला. नरहरराव आपली हलकी बॅग खांद्याला लावून वळले आणि भराभर चालत गेले. सुनंदा जमिनीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापरावांच्या नंबरावरून फोन आला. नरहररावांचा आवाज अगदी खाली होता.

"माझ्या गोळ्या?"

"तुमच्या बॅगेत असतील."

"तुझ्याकडे दिल्या होत्या. जरा हळू बोल."

ते लोकांपासून दूर उभे आहेत, हे बाईंच्या लक्षात आलं. आपल्या बॅगेतलं निम्मं बायको वाहत होती हे ते कुणाला सांगणार नाहीत, आणि साखरेचं तर नाहीच नाही. गोळ्यांची पिशवी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बाईंच्या समोर पडली होती.

"माझ्या बॅगेतलं मी गौलीगुड्यातच काढून टाकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात की तिथं."

"अगं, काल सकाळपर्यंत तूच हातावर ठेवत होतीस. बरं, नावं तरी सांग. वाटेत घेतो."

"मला कुठलं वाचता येतंय ते इंग्रजी. तुम्हीच म्हणता."

फोन बंद झाला. बाईंनी स्वतःला समजावलं, की मोठ्या माणसाला काय, कुठल्याही डॉक्टरकडे जाईल. मग त्यांनी पिठलं केलं आणि गरम असतानाच जेवल्या.

कोडंगलच्या पुढून सुनंदांचा फोन आला. नरहररावांच्या पायाला फोड येऊन फुटलाय, पातळ मोजे घालून चालतात, विचारलं तर काही नाही म्हणतात, आणि सारखं पाणी पितात. सुनंदांनी सरळ विचारलं, "सुशीलाताई, त्यांना साखर आहे का हो?"

खाली रस्त्यावर भाजीवाला तेलुगूत ओरडत होता. तो पुढच्या गल्लीत वळेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हती."

सेडमला नरहररावांना ताप भरला आणि ते रस्त्यातच बसले. गाणगापूर राहिलं. प्रतापरावांनी जीप करून त्यांना परत आणलं. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टरांनी आधी बोटं काढली, मग अर्धं पाऊल.

नरहरराव शुद्धीवर आल्यानंतर तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की रक्तात इतकी साखर, मग गोळ्या कशा चालू नव्हत्या. प्रतापराव आणि सुनंदा खाटेशी उभे होते. नरहरराव बायकोकडे बघत राहिले.

"त्यांची बॅग ते स्वतःच भरतात," सुशीलाबाई म्हणाल्या.

सुनंदांनी झटकन मान वर केली. पर्स उचलली आणि बाहेर गेल्या. पुन्हा त्या नल्लकुंट्याला कधी आल्या नाहीत, बाजारात दिसल्या तरी रस्ता बदलून जात.

घरी आल्यावर एका दुपारी नरहररावांनी विचारलं. मुलगा अजय पुण्याहून येऊन परत गेला होता आणि घरात दोघंच होती.

"प्रतापरावांकडून कळलं मला. सुनंदाबाईंना खोटं का सांगितलंस?"

बाई चादर बदलत होत्या. "बस यायची होती परगीला," त्या म्हणाल्या. "तेवढं थांबायचं होतंत."

नरहररावांनी खूप विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले.

आपण बायकोशी कसं वागलो हे तरी या माणसाला कळलं असेल, असं बाई इतके दिवस धरून चालल्या होत्या. त्यांनी चादरीची टोकं गादीखाली खोचली आणि त्या बाहेर गेल्या.

आता नरहररावांना न्हाणीघरापर्यंत जायला त्यांचा खांदा लागतो, आणि परत यायलाही. सुरुवातीला हाक ऐकली की त्या हातातलं टाकून धावत. एकदा कुकरच्या शिट्टीत हाक ऐकू आली नाही, तर ते बराच वेळ आत ओल्या फरशीवर भिंत धरून एका पायावर उभे राहिले आणि रडवेले झाले. दुसऱ्या दिवशी कुकर नव्हता. बाई मेथी निवडत बसल्या होत्या. हाक आली, पुन्हा आली, मग नावानं आली. त्यांनी जुडी संपवली, पानं धुतली, चाळणीत निथळत ठेवली. आपल्याला उठावंसंच वाटत नाही हे लक्षात येऊन त्यांना भीती वाटली. मग त्यांनी दुसरी जुडी सोडली.