बंद खोलीतला पंखा

कुलूप लावलेल्या खोलीत पंखा फिरत असेल तर माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने आपल्या कामाला जावं. मी दाराला कान लावला.

आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या विमानतळावर आमच्या कंपनीचं दिवसाला एकच विमान येतं. अकराला उतरतं, पावणेबाराला उडतं. मी काउंटरवर बोर्डिंग पास देते. नाव सुगंधा, आणि नसत्या ठिकाणी नाक खुपसायची मला लहानपणापासूनची खोड आहे.

चौदा महिन्यांपूर्वी कंपनीने आम्हा अकरा जणांसाठी विश्रांतीची खोली मंजूर केली. जुनं गोदाम होतं, त्याचीच दुरुस्ती. पंखा, बाकडी, बेसिन, सगळं कागदावर झकास. दारावर ‘काम प्रगतीपथावर’ असा कागद चिकटला आणि प्रगती त्या कागदापाशीच थांबली. आम्ही सामानाच्या पट्ट्यामागे ट्रॉलीवर बसून डबे खायचो. एकदा माझ्या सुक्या बांगड्याचा वास पलीकडे गेला, तर एका प्रवाशाने लेखी तक्रार केली. तिची दखल दोन दिवसांत घेतली गेली. आमच्या तक्रारींवर मॅनेजर दत्तप्रसाद यांचं एकच उत्तर, “प्रोसेसमध्ये आहे.” उद्या यम न्यायला आला तरी हा माणूस त्याला हेच सांगेल, असा माझा अंदाज होता.

आम्हा बाकीच्यांचं काय, आम्ही कुरकुरत जेवत होतो. खरी अडचण फेबीची होती. फेबी मालवणची, बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली तेव्हा तिची मुलगी पाच महिन्यांची होती. मुलीसाठी दूध काढून ठेवायला तिला जागा नव्हती. प्रवासी बायकांच्या संडासात उभी राहून ती काढायची, बाहेरून कोणीतरी दार ठोठावत असायचं. एक दिवस तिने मला सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत खोली मिळाली नाही तर ती नोकरी सोडणार. नवरा आखातात होता, त्याची नोकरी नुकतीच गेली होती. तरी सोडणार होती. माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी मी मुंबईच्या ऑफिसला पत्र पाठवलं, की कोणीतरी या आणि हे कुलूप स्वतःच्या हाताने उघडून आत काय आहे ते बघा.

मग महिना संपला, दुसराही सरत आला. खोली मिळाली नाही आणि फेबीने नोकरीही सोडली नाही. संडासात जायची मात्र बंद झाली. विमान उडालं की वीस मिनिटं कुठेशी नाहीशी व्हायची. विचारलं तर हसून म्हणायची, “हयच होतंय गो,” म्हणजे इथेच होते. आता हे ऐकून कोणाला झोप येईल?

तेव्हा मी शोध सुरू केला. खोलीचं काम करणारा मिस्त्री गुरुदास धामापूरचा. रविवारी त्याच्या घरी गेले. तो काजूच्या बागेत होता. मी विचारलं, काम अर्धवट का टाकलंस? तो उलट माझ्यावरच उखडला. काम होऊन चार महिने झाले म्हणे, रंगसुद्धा दिला. मग काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही का नाही केलीस?

“मालकान नारळ देवक नाय,” तो म्हणाला. “नारळाशिवाय काम पुरा कसा झाला? मी खोटी सही करूचंय नाय.”

आमच्याकडे नव्या जागेत पाऊल ठेवण्याआधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला नारळ द्यायचा असतो, आणि तो जागेच्या मालकाने द्यायचा असतो. गुरुदास मालकाची वाट बघत होता. मालक म्हणजे मुंबईची कंपनी. कंपनी गुरुदासच्या सहीची वाट बघत होती. दत्तप्रसाद दोघांची वाट बघत होते आणि त्यालाच प्रोसेस म्हणत होते. मी तिथेच कपाळावर हात मारला. किल्ली कोणाकडे आहे विचारलं, तर झाडलोट करणाऱ्या विमलाकडे.

सोमवारी विमान उडाल्यावर मी त्या दाराला कान लावला, तो हा असा. आत पंखा फिरत होता. कुलूप बाहेरून तसंच. उंबऱ्याच्या कोपऱ्यात नारळाची शेंडी पडली होती. मी वळले, तर विमला झाडू घेऊन मागे उभी.

तिने काही लपवलं नाही. तिचा बाप देवळातला गुरव. फेबीचे हाल तिला बघवेनात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतः एक लहानसा नारळ ठेवला, राखणदाराची माफी मागितली, आणि तेवढ्या एका मुलीपुरती खोली उघडली. फेबीला आत सोडायची, बाहेरून कुलूप लावायची, वीस मिनिटांनी उघडायची. बाकीच्यांना का नाही सांगितलं, असं मी जरा रागानेच विचारलं. ती म्हणाली, मी मागितलं ते एका लेकरासाठी, अकरा डब्यांसाठी नाही.

मला लाज वाटली. आणि त्याच दुपारी दत्तप्रसाद हसत हसत आले. माझ्या पत्राला यश आलं होतं. गुरुवारी मुंबईचे बोऱ्हाडे साहेब येणार होते. चौदा महिने काम होत नसेल तर खोली मालवाहतुकीच्या विभागाला देऊन टाकावी, असा त्यांचा विचार होता. आधी कुलूप उघडून बघणार होते.

आत फेबीची खुर्ची होती, जुन्या लुगड्याचा पडदा होता. परवानगीशिवाय खोली वापरली म्हणून विमलाला सफाईच्या ठेकेदाराने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. फेबी परत संडासात, म्हणजे दोन दिवसांत राजीनामा. आणि हे सगळं माझ्या नाकामुळे. सामान हलवूया, असं मी विमलाला सुचवलं. ती नको म्हणाली. “तू फकत गुरुदासाक बोलय. आनी एक बरोसो नारळ हाड.” गुरुदासला बोलावणं आणि चांगलासा नारळ आणणं, एवढंच माझं काम.

गुरुवारी विमान उडालं आणि साहेब दारासमोर आले. चाळिशीचे, मराठीच, घाईत. त्यांना दुपारी गाडीने गोव्यातल्या मोपा विमानतळावर जायचं होतं. दत्तप्रसाद किल्लीसाठी खिसे चाचपडू लागले. मी पुढे झाले आणि म्हटलं, “साहेब, किल्ली आहे. पण आमच्याकडे मालकाने नारळ दिल्याशिवाय नवी खोली उघडत नाहीत. मिस्त्रीची सही चार महिने त्यासाठीच अडली आहे.” गुरुदासने मान हलवली. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “चार महिने नारळासाठी?” ते म्हणाले. ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांना नवल वाटलं. नारळ हातात घेऊन त्यांनी विचारलं, “काय म्हणायचं असतं?”

म्हणायचं असतं ते देवापुढचं गाऱ्हाणं, आणि तेही दुसऱ्याने, साहेबांनी नुसतं उभं राहायचं. हे काम पुरुषाचं, पण विमलाने पदर खोचला आणि गुरुदास गुपचूप बाजूला सरला.

“बा देवा म्हाराजा, ह्या सड्याच्या राखणदारा, आज मालक सोता तुझ्या दारात इलोहा, तेचो नारळ मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

“मालकाच्या आधी ह्यो दरवाजो मीच उघडलंय म्हाराजा. ह्या फेबीक लेकराचा दूध काढूक संडासात उभी रवाक लागा होता. ता माका बघवला नाय. चूक झाली ती माझी. ती माझ्या पदरात घाल, तिच्या नको रे म्हाराजा.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दत्तप्रसाद पांढरेफटक पडले. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, एवढं साहेबांनाही कळत असावं. तेव्हा फेबी एकटीच बोलली. गळ्यात क्रूस, डोळ्यांत पाणी, आणि खणखणीत आवाजात, “व्हय म्हाराजा.”

“आनी मालकाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळ्यांनी म्हटलं.

साहेबांनी बूट काढले. नारळ पहिल्यांदा फुटला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा पाणी त्यांच्या पँटवर उडालं. विमलाने कुलूप काढलं. ते आत गेले, खुर्ची बघितली, लुगड्याचा पडदा बोटाने जरा सरकवला आणि होता तसा सोडला. बाहेर येऊन त्यांनी गुरुदासपुढे कागद धरला. गुरुदासने तिथेच सही केली.

“पडदा तेवढा नीट शिवून घ्या,” साहेब दत्तप्रसादना म्हणाले. मग विमलाकडे बोट करून, “आणि ह्या बाई इथेच राहतील.”

आता आम्ही त्या खोलीत बसून जेवतो. सुका बांगडासुद्धा खातो. फक्त विमान उडालं की वीस मिनिटं दार बंद असतं, आणि आम्ही दहा जण भुकेल्या पोटी डबे हातात धरून बाहेर उभे राहतो. कोणी कुरकुर करत नाही. दाराला कान तर मीही लावत नाही.