विहिरीतल्या चार बंदुका

हरिहरपंत वकील तोंडाचे फटकळ, पण खोटं बोलायचे नाहीत. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांची बैठक होती. पक्षकार आला की बजावायचे, "आधी हकिकत, मग कलम. कलम आधी कळलं की माणूस कलमाच्या मापाची हकिकत शिवून आणतो." म्हणून पुस्तकाला ते हात लावायचे तो सगळ्यात शेवटी. तीस वर्षांत या रिवाजानं त्यांचं काही अडलं नव्हतं.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात वलगावचा देवमन त्यांच्याकडे आला. शेतकऱ्याच्या घरचा, पण लष्कराच्या दवाखान्यात शिपाई होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. आफ्रिकेत काँगो देशात यादवी पेटली तेव्हा युनोच्या फौजेबरोबर तिकडे गेला, आणि परत आल्यावर नोकरीच सोडून बसला. अमरावतीच्या दोन वकिलांनी त्याला कोपरापासून हात जोडले होते. तिसऱ्यानं थट्टेत सांगितलं, अकोल्याचे हरिहरपंत इंद्रावरही फिर्याद लावतील, त्यांच्याकडे जा. थट्टा कळण्याइतकं त्याचं मन जागेवर कुठं होतं? तो आला.

"केस लावाची हाय," तो उभ्यानंच म्हणाला.

"कुणावर?"

"एकतीस मानसं मारली ज्यायनं, त्यायच्यावर."

"नावं?"

"नावं मालूम नाई."

दुसरा वकील असता तर इथंच उठला असता. हरिहरपंतांनी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि टाक उचलला.

हकिकत अशी होती. तिकडच्या एका खेड्यात शाळेच्या इमारतीत जखमी लोक गोळा केले होते. बाया, म्हातारे, हत्यार टाकलेले चारदोन शिपाई. देवमननं स्वतः शाळेच्या पत्र्यावर चढून लाल रंगानं भलाथोरला क्रॉस काढला. या चिन्हाखाली कुणी गोळी घालत नाही, असा जगाचा कायदा आहे, हे त्याला शिकवलं होतं आणि ते त्याला गीतेसारखं खरं वाटायचं. गाडी भरली. एकतीस माणसं मागं राहिली. त्यांना न्यायला तो दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या एकतिसांतच गावचा मास्तर होता. त्याच्याजवळ चार जुन्या बंदुका होत्या, त्या घेऊन तो आणि त्यांतलेच तीन जण दारावर पहारा देणार होते.

हरिहरपंतांची पद्धत अशी की लिहिलेलं ओळीओळीनं वाचून दाखवायचं आणि पक्षकारानं प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचं. देवमन हो म्हणत गेला. बंदुकांच्या ओळीवर थांबला.

"त्यात लिहा, बंदुका मीच काढून घेतल्या."

"का?"

"मले वाटे, क्रॉसाखाली हत्यार असलं तर तो दवाखाना राह्यत नाई, अड्डा होते. मास्तरनं दोनदा इचारलं, तुहा शब्द काय? दुभाष्या होता मधात. मी म्हनलं, माहा शब्द. चारी बंदुका मी माह्या हातानं विहिरीत टाकल्या. माह्या दंडावरची क्रॉसची पट्टी त्याच्या दंडाले बांधली. म्हनलं, आता तुले कोनी हात नाई लावत."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी गेलो. खाटेवरची मानसं खाटेवरच मारली होती. मास्तर दारात पडला होता. पट्टी दंडालेच होती."

ती पट्टी त्यानं खिशातून काढून दाखवली. हरिहरपंतांनी ती ओळ लिहिली. देवमन म्हणाला, "हो."

अर्ज दिल्लीला गेला. देवमन दर महिन्याला मोटारीनं यायचा, काही आलं का विचारायचा, आणि परत जायचा. कधी हुरडा आणायचा, कधी शेंगा. शेतात त्याचं लक्ष नव्हतं. बायको आशाबाई एकदा सोबत आली, तेव्हा ओट्यावर बसून प्रमोदिनीबाईंना म्हणाली, "जेवता जेवता हात थांबते त्यायचा, बाई. पोरगं हाक मारते तरी आयकू येत नाई." प्रमोदिनीबाई म्हणजे हरिहरपंतांची बायको.

मग कलमांची पाळी आली. नागपूरहून पुस्तक मागवलं होतं, साठ सालचा कायदा आणि त्याला जोडलेले चार जिनिव्हा करार. हरिहरपंतांनी ते एका बैठकीत वाचलं आणि कपाळाला हात लावला. देशादेशांतल्या लढाईसाठी कलमांच्या राशी, आणि एकाच देशातल्या यादवीसाठी चारही करारांत मिळून तेच ते एक कलम. आजाऱ्याला मारू नका, हत्यार टाकलेल्याला मारू नका. मारलं तर पुढं काय, ते कलम सांगत नव्हतं. मेल्यांनो, मग लिहिलंत कशाला?

पण घाव तिथं नव्हता. घाव होता लाल क्रॉसच्या नियमांत. दवाखान्यातल्या माणसांनी स्वतःच्या आणि आजाऱ्यांच्या बचावाला हत्यार बाळगलं, दारावर सशस्त्र पहारा ठेवला, तरी चिन्हाचं संरक्षण जात नाही, असं तिथं छापलं होतं. हरिहरपंतांनी ते तीनदा वाचलं. बंदुका राहू शकल्या असत्या. त्यांनी त्या पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं.

"त्याला सांगावं लागेल," ते बायकोला म्हणाले.

"सांगून काय भलं होणार आहे त्याचं?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "जेवत नाही तो."

चौसष्टच्या पावसाळ्याअखेर दिल्लीहून एका खात्याचा कागद आला. तिकडे उभय पक्षांत समेट झाला असून सर्व संबंधितांना माफी देण्यात आली आहे, सबब प्रकरण दप्तरी दाखल. हरिहरपंतांनी तो वाचून दाखवला. या वेळी देवमननं कोणत्याच ओळीला हो म्हटलं नाही.

"म्हंजे कोनालेच काई नाई."

"नाही."

"मेलेल्यायले कोनी इचारलं? माफी द्याची का नाई म्हनून?"

हरिहरपंतांनी कागदाची घडी करून तो बाजूला ठेवला.

मग देवमन म्हणाला, "एकच इचारतो. तुमी खोटं बोलत नाई म्हनतेत. बंदुका काढून घेतल्या, ते कायद्यानं बरोबर होतं का चूक?"

पुस्तक टेबलावरच होतं. खुणेचा कागद बाहेर डोकावत होता. हरिहरपंतांनी त्यावर हात ठेवला.

"बरोबर होतं," ते म्हणाले. "कायदा तसाच आहे."

तीस वर्षांतलं हे पहिलं खोटं. माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरेल, चेहरा सैल होईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"म्हंजे मी चुकलो नाई."

"नाही चुकलास."

"मंग कायद्यानंच मारलं त्यायले, वकीलसाहेब," देवमन हळू म्हणाला. "मारनाऱ्यायले तो बांधत नाई, आन मास्तरची बंदूक तेवढी काढून घेते. दीड वर्स मले वाटे माह्या चुकीनं मेले. चूक असती तर मी भोगली असती, त्यायच्या नावानं काई केलं असतं. आता काय करू? कायदा खरा हाय म्हनूनच तर शब्द देल्ला होता."

हरिहरपंतांचं तोंड उघडलं. खरं सांगावं, तर एकतीस मुडदे पुन्हा याच्याच मानेवर. न सांगावं, तर ज्या एका गोष्टीवर याचा विश्वास होता ती आपण आत्ता आपल्या हातानं मारली. तोंड मिटलं.

देवमननं खिशातून पट्टी काढली, नीट घडी करून पुस्तकावर ठेवली. "हे तुमच्यापाशी राहू द्या. कायद्याची हाय," म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.

प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. "गेला?" त्यांनी विचारलं. हरिहरपंत हो म्हणाले. मोटार सुटायला अजून अर्धा तास होता, अड्डा हाकेच्या अंतरावर होता. ते उठले नाहीत.