पंगतीचं मीठ

मैनाबाई माळिणीच्या हातचं कधी खारट झालं नाही की कधी अळणी झालं नाही, हे अमरावतीच्या अख्ख्या माळीपुऱ्याला ठाऊक होतं. लग्न असो की तेरवी, चुलीवरच्या मोठ्या गंजाजवळ तीच लागायची. आणि गंमत अशी की, ती कधी चाखून पाहत नसे. पंगत उठायच्या आधी रांधणारीनं तोंडात कण घालायचा नाही, उष्ट्या हातचं माणसाला वाढायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. ती झाकण उचलायची, वाफेवर एकदा नाक धरायची आणि म्हणायची, अजून अर्धी मूठ. ती अर्धी मूठ पडली की वरण जमलंच म्हणून समजा. लोक म्हणत, हिच्या नाकात तराजू आहे.

मग एकोणीसशे अठरा सालच्या दसऱ्यानंतर मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं तापानं पडली, आणि पडली ती बरीचशी उठलीच नाहीत. मैनाबाईचा नवरा सहदेव गेला. चार दिवसांनी लेक कौसल्या गेली. मैनाबाई स्वतः त्याच तापात शुद्ध हरपून पडलेली, त्यामुळे दोघांनाही शेजाऱ्यांनीच नेलं. ती उठली तेव्हा घर झाडून सारवून ठेवलेलं होतं आणि आत कोणी नव्हतं.

उठल्यावर ती मळ्यात गेली. शेवंतीचे वाफे फुलून ओसंडत होते, तोडायला कोणी नव्हतं ना. ती त्या फुलांत उभी राहिली आणि बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की वास येत नाही. मग तिनं मिरची दाताखाली धरली. नुसती आग झाली, चव नाही. तिला त्याचं काही वाटलंही नाही. नवरा गेला, लेक गेली, तिथं नाकाजिभेचं काय घेऊन बसायचं? रडूसुद्धा आलं नाही. बाया येऊन गळ्यात पडून रडत, ती आपली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसे. आपण दगड झालो की काय, याची तिला लाज वाटे, आणि ती लाजसुद्धा लांबून ऐकू आल्यासारखी.

त्या साली पाऊसही दगा देऊन गेला. ज्वारी निसवलीच नाही. मार्गशीर्षात शहरात उपाशी माणसं दिसू लागली तेव्हा खुशालराव पाटलांनी आपल्या शेतातलं एक पेव फोडलं. जमिनीत पुरून ठेवलेली जुनी ज्वारी, पण दाणा शाबूत होता. बंद पडलेल्या जिनिंगच्या पडवीत अन्नछत्र सुरू झालं. रोज दुपारी ज्वारीच्या कण्या आणि तुरीचं पातळ वरण, पळसाच्या पत्रावळीवर. पुऱ्यातल्या बाया पाळीनं राबायला जात. शेजारच्या गंगूबाईनं मैनाबाईला दंडाला धरून उठवलं. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा तिथं येऊन कण्या हाट, म्हणाली.

मैनाबाई गेली ती तिथलीच झाली. सकाळी चूल पेटवायची, दुपारी दीडशे पानं वाढायची, संध्याकाळपर्यंत भांडी घासायची. तिला तिथं बरं वाटायचं असं नाही. कुठंच काही वाटत नव्हतं. पण तिथं दिवस सरायचा. घरी तो सरता सरत नसे. कौसल्येची परकरपोलकी दांडीवर तशीच होती, आणि ती काढायची की राहू द्यायची, एवढं ठरवायलासुद्धा तिचं मन जागेवर नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ चंद्रभान चांदूर रेल्वेला राहायचा. तेरवीलाच त्यानं सांगून टाकलं होतं की बाई, तुला एकटीला मी राहू देणार नाही. भला माणूस, भावजयही भली. पण मैनाबाईला पुढचं सगळं दिसत होतं. तिथं तिला कामाला हात लावू देणार नाहीत. माजघरात बसवतील, येणाजाणाऱ्या बाया चुकचुकतील, आणि ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या एक दिवस मरून जाईल. म्हणून तिनं एकच अट घातली होती, छत्र चालू आहे तोवर मी इथून हलणार नाही. चंद्रभान म्हणाला होता, बरं, महाशिवरात्र होऊ दे, मग गाडी घेऊन येतो.

तर छत्रातली तिची चूल हीच तिची जागा होती, आणि ती जागा नाकावर मिळालेली होती. नाक तर गेलेलं. हे ती कोणाला कशी सांगणार?

सुरुवातीला हाताच्या सवयीनं निभावलं. मग दत्तजयंतीच्या दिवशी घोटाळा झाला. एकदा मीठ घातलेलं ती विसरली आणि पुन्हा घातलं. वाफेनं काही सांगितलं नाही. त्या दिवशी पंगतीत पाण्याच्या घागरीमागून घागरी रित्या झाल्या. कोणी चकार शब्द बोललं नाही. उपाशी माणूस कशाला बोलतो? गंगूबाई एवढंच म्हणाली की आज पाणी लवकर सरलं. मैनाबाईला काय झालं ते कळलं. त्या दिवसापासून तिनं मिठाचा हातच आखडता घेतला. अळणी माणूस कसंही गिळतो, खारट थुंकतो, असा तिचा हिशेब. रोज थोडं कमी, अजून थोडं कमी, असं करता करता शेवटी त्या एवढ्या मोठ्या गंजात ती जेमतेम चिमूटभर टाकू लागली. आणि काय नवल, पानं पुन्हा पुसून स्वच्छ होऊ लागली. पाणीही पुरू लागलं. तिला वाटलं, निभलं.

महाशिवरात्र झाली आणि गंगूबाईनं बातमी आणली. खुशालराव पाटलांचं आता एकच पेव उरलं होतं. ते फोडण्याआधी ते स्वतः पंगतीत बसून जेवणार होते. कोणीतरी त्यांचे कान भरले होते की छत्रात वाटेल ते शिजवतात, दाणा मातीत चालला. रांधण बरोबर नसेल तर अकोल्याहून पगारी आचारी आणायचा, देवळाच्या भंडाऱ्यात हजार पानं उठवलेला, असं पाटील म्हणाले होते. मैनाबाईनं ऐकून घेतलं आणि कण्या पाखडत राहिली. हात चालू होते. आत मात्र, किती दिवसांनी कोण जाणे, भीती अशी चांगली ओळखू आली.

पाटील आले त्या दिवशी तिनं झाकण उचलून वाफेवर नाक धरलं. वाफ ऊन लागली, बस. मिठाचा वाडगा हातात घेऊन ती उभी राहिली. किती टाकू? मग चुलीमागं वळून, पदराआड, तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. चार कण्या जिभेवर ठेवल्या. ऊन होत्या, मऊ होत्या. चिखल खाल्ला असता तरी तिला तेवढंच कळलं असतं. नेम मोडला आणि हाती काही लागलं नाही. तिनं चूळ भरली, हात धुतले, आणि रोजच्यासारखी चिमूटभर टाकली.

पंगत बसली. पहिल्या पानावर खुशालराव, पांढरं धोतर, पागोटं मांडीशी काढून ठेवलेलं. मैनाबाईनं कण्या वाढत वाढत शेवटचं पान गाठलं. रोज ती यानंतर वरण आणायला आत जायची. आज ती गेली नाही. खांबाला टेकून ती पहिल्या पानाकडे पाहत राहिली.

तेवढ्यात नत्थुजी उठला. कापसाच्या बाजारात पंचवीस वर्षं गठाणी उचललेला हा हमाल. मानमोडीनं त्याच्या छातीतला दम नेला तेव्हापासून रोज छत्रावर जेवायचा. रेल्वेच्या मालधक्क्यावर आता त्याला फक्त झाडायचं काम देत. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि पंगतीच्या टोकापासून निघाला. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला चिमूटभर मीठ. माणसं न बोलता पान जरासं पुढं सरकवत, कण्या कालवत आणि जेवू लागत. कोणी वर पाहिलं नाही, कोणी विचारलं नाही. हे आजचं नव्हतं, हे दिसतच होतं. मैनाबाई रोज वरण आणायला पाठ वळवायची, तेवढ्यात हे उरकायचं.

नत्थुजी पहिल्या पानाशी आला. पाटलांनी एक घास खाल्लेला होता आणि दुसरा हातातच होता. नत्थुजीनं त्यांच्याही पानावर चिमूट ठेवली.

"हे काय?" पाटलांनी विचारलं.

"मीठ, पाटील."

"कण्यात नाही काय?"

नत्थुजीनं एकदा खांबाकडे पाहिलं. मग तो सावकाश म्हणाला, "दाणे तुमचे हायेत पाटील. हात मैनाबाईचे. समदंच दुसऱ्याचं म्हटलं का घास उतरत नाही माणसाले. मीठ तेवढं आमचं राहू द्या."

पाटलांनी मीठ कालवलं आणि मान खाली घालून जेवले. पान पुसून खाल्लं. हात धुतल्यावर त्यांनी गंगूबाईला सांगितलं की शेवटचं पेव सोमवारी फोडतो, मृगापर्यंत पुरवून वापरा, आचाऱ्याचं काही नको. झालं. मैनाबाईची जागा राहिली. तिनं गप्प बसायचं होतं, एवढंच.

पण ती बोलली. धीर आला म्हणून नव्हे. दीडशे माणसं रोज पाहत होती, मग लपवायचं कोणापासून, म्हणून.

"पाटील, मले वास येत नाही. चव बी नाही. मानमोडीपासून. मी निस्त्या अंदाजानं रांधून राहिले."

पाटील पागोटं हातात धरून उभे राहिले. गंगूबाईनं कपाळावर हात मारला.

"मंग मिठाचं कोण पाह्यते?" पाटील म्हणाले.

"आमी पाहून राह्यलो ना," पंगतीतून नत्थुजी म्हणाला.

खुशालरावांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, जोडे घातले आणि ते गेले. सोमवारी पेव फोडायला माणसं लावली का, हे विचारायलासुद्धा कोणाला जावं लागलं नाही. ज्वारीची गाडी आली.

त्या दिवशी पंगत उठली तशी गंगूबाईनं मैनाबाईला खाली बसवलं आणि तिच्यापुढं पान मांडलं. नत्थुजीनं सोगा झटकून उरलंसुरलं मीठ तिच्या पानावर टाकलं. मालधक्क्यावर पोत्यांतून सांडलेलं तो वेचायचा, घरी पाण्यात विरघळवून गाळायचा आणि उन्हात वाळवायचा. तिनं विचारलं, कधीपासून? दत्तजयंतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, तो म्हणाला.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू चूल सोडून गेली असती," नत्थुजी म्हणाला, आणि पत्रावळी गोळा करायला लागला.

मैनाबाईनं मिठाचा खडा जिभेवर ठेवला. कचकच लागली, विरघळला, गेला. काही कळलं नाही. डोळ्यांत पाणी यावं असं तिला फार वाटलं, तेही आलं नाही. दीडशे माणसांनी आपल्याला सांभाळून घेतलं हे तिला समजत होतं, ते आत कुठं टेकत मात्र नव्हतं. तिनं कण्या कालवल्या आणि सगळं पान संपवलं. दिवाळीपासून तिनं पूर्ण पान कधी संपवलं नव्हतं. गंगूबाईनं ते पाहिलं आणि रिकामी पत्रावळ उचलली.

दुसऱ्या दिवशी ऐन पंगतीच्या वेळी चंद्रभान आला. गाडी बाहेर सोडली होती. सामानासाठी तिच्यात गवत पसरलेलं, दोर ठेवलेले. तो पडवीच्या दाराशी उभा राहून बहिणीकडे पाहू लागला. मैनाबाईनं त्याला हातानं खूण केली, नत्थुजीच्या शेजारी पान मांडलं आणि कण्या वाढल्या.

"बस," ती म्हणाली. "आन् नत्थुजी मीठ देतीन, थे घेजो. त्याच्याबिगर माह्या हातचं खाल्ल्या जात नाही."

चंद्रभान गोंधळून बसला. नत्थुजीनं त्याच्या पानाच्या कडेला चिमूट ठेवली. त्यानं एक घास खाल्ला आणि विचारलं, बाई, सामान बांधलं काय?

मैनाबाई तोवर पुढच्या पानाकडे गेली होती.