पाचटाआडची शेड

भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल सकाळी आमच्या बारामतीच्या पशुसंवर्धन कार्यालयात आला. अंथुर्ण्यात रामहरी यांच्या कोंबड्यांत सापडलेला विषाणू बर्ड फ्लूच्याच कुळातला, पण सौम्य गटातला होता. शंका एवढीच होती, की त्या गटाला न शोभेल इतक्या कोंबड्या तिथे मरत होत्या. विषाणूने स्वभाव बदलला असता, तर शेडमधला प्रत्येक पक्षी मारून पुरावा लागला असता. म्हणून तो बंदिस्त पिंजऱ्यांतल्या निरोगी कोंबड्यांना टोचून पाहण्यात आला. त्या थोड्या मलूल झाल्या. मेली एकही नाही.

निकालाविषयी मला शंका नव्हती. त्यामुळेच प्रश्न उरला: मग अंथुर्ण्यातल्या कोंबड्या कशाने मरत होत्या?

मी अंथुर्ण्याला पोचले तेव्हा शेडच्या फाटकावर रामहरी, त्यांच्या आई प्रयागबाई आणि शेजारच्या शेडचे मालक मोहनराव उभे होते.

"सांगा डॉक्टरबाई, खड्डा कुठं खांदायचा?" मोहनराव म्हणाले. "ह्यांच्यापायी आमची बी पाखरं जायची."

"खड्डा नको. विषाणू सौम्य आहे."

"सौम्य? मग ह्या रोज मरत्यात त्या काय लाजून?"

प्रश्न उद्धट होता, पण शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक.

आधीच्या पथकाने संसर्ग पसरू नये म्हणून नमुने फाटकावरच घेतले होते. आत कोणी गेले नव्हते. मी संरक्षक पोशाख चढवून शेडचे दार उघडले आणि डोळ्यांतून पाणी आले. बाजूच्या मोकळ्या जाळ्या उसाच्या पाचटाने आणि खताच्या पोत्यांनी शिवून बंद केल्या होत्या. खालच्या विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाला बाहेर पडायला फटसुद्धा उरली नव्हती.

"हे कधी केलंत?" बाहेर येऊन मी विचारले.

"उजनीच्या पाण्यावर पाखरं मेली म्हून बोलवा उठली, तवा," प्रयागबाई अभिमानाने म्हणाल्या. "परदेशी पाखरं ती. त्यांचा वारा लागू नये म्हून समदं बुजवलं. पाचट घरचंच हाय."

"आणि मर कधी लागली?"

"त्याच्या म्होरंच की," रामहरी म्हणाले.

"विषाणूनं कोंबड्यांचा घसा आणि फुप्फुसं नाजूक केली. पुढचं काम ह्या वायूनं केलं. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांत हवा खेळती होती."

"कशावरून?" मोहनराव म्हणाले. "निस्तं बोलून काय व्हतंय?"

हाही प्रश्न रास्त होता. "खात्री करायची तर अर्धी शेड आज उघडावी, अर्धी तशीच ठेवावी आणि फरक पाहावा."

"म्हंजी तुमची खात्री पटावी म्हून अर्ध्या माराव्या?" प्रयागबाई कडाडल्या. "घरात धूर कोंडला तर तुमी एकच खिडकी उघडता व्हय?"

मी हातातल्या निकालाचे दुसरे पान उलटले. "मोहनराव, तुमची शेड झाकलीय?"

"न्हाय. पाचट बांधत कोण बसतंय? मला काय दुसरं काम न्हाय?"

"मर आहे?"

"एक न्हाय मेली."

"तुमचेही नमुने गेले होते. तुमच्या कोंबड्यांत तोच विषाणू आहे."

मोहनरावांनी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या शेडकडे.

"मग खड्डा तुमच्या बांधावर खांदायचा का?" प्रयागबाईंनी विचारले.

अर्धी शेड बंद ठेवण्याची गरज उरली नाही. एकच गाव, एकच विषाणू, एक शेड झाकलेली आणि एक उघडी: तुलनेची सोय मोहनरावांच्या आळसाने आधीच करून ठेवली होती.

"कोयता आण रं, रामहरी," मोहनराव म्हणाले. "मी ह्या बाजूनं कापतो."

पोत्यांची शिवण सुटत गेली तसे पाचट गठ्ठ्यांनी खाली आले. त्या आठवड्यात मर घटत गेली आणि मग थांबली. मी अहवालात पक्षी मारण्याची शिफारस केली नाही. कोंबड्या आणि अंडी बाहेर नेण्यावरची बंदी मात्र विषाणू जाईपर्यंत कायम ठेवली, दोन्ही शेडवर. मोहनरावांनी त्यावर बरीच कुरकुर केली; रामहरींनी केली नाही.