माणिकरावांचा खोकला

दोन हजार वीसचा तो मे महिना. अमडापुरात येणाऱ्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या, आणि घरात जनकाबाई फोनपासून तोंड फिरवून नवऱ्यासारखं खोकत होत्या.

"बाबाचा खोकला गेला नाही काय अजून?" दक्षिण सुदानातून प्रसेनजितनं विचारलं.

"म्या म्हणलं बिडी सोडा. तुहा बाप ऐकते काय कोणाचं?" जनकाबाई म्हणाल्या.

"दे ना त्याहिले फोन."

"झोपले बापा. पहाटं नळ सोडाले उठा लागते."

गावाचे नळ सोडणारे माणिकराव एप्रिलातच छातीत कळ येऊन गेले होते. वीस माणसांत माती झाली. प्रसेनजित संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या तुकडीत होता. एप्रिलातच त्याचं वर्ष भरलं होतं. पण विमानं बंद, बदलीची तुकडी येईना, आणि ती येईपर्यंत जुन्यांनी हलायचं नाही असा हुकूम. परक्या मुलखात एकटं पोर, हातात बंदूक. जनकाबाई सुनेला, मंजुश्रीला म्हणाल्या, "तो आल्यावर सांगू." त्यासाठी मेल्यामागचा जलदान विधीही थांबवला. भावकी कुरकुरली.

जूनमधल्या एका रविवारी, भर दुपारी प्रसेनजित म्हणाला, "आज बाबाचा खोकला मोकळा वाटते."

जनकाबाईंच्या तोंडात पाण्याचा घोट होता. त्या खोकल्याच नव्हत्या.

फोन ठेवल्यावर मंजुश्री पुटपुटली, "आत्याबाई, आतल्या खोलीतून आला. म्या बी ऐकला."

आत बाज होती, घडी घातलेली चादर होती. बाकी कोणी नव्हतं.

"त्याहिले सांगून टाका आता. मले भेव लागून राह्यलं."

"खबरदार!" जनकाबाई म्हणाल्या. मंजुश्रीनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. खोटं आता पोरासाठी उरलं नव्हतं. खरं बोललं की तो खोकला थांबेल, याचीच म्हातारीला धास्ती होती. त्या दिवसापासून बाजेपाशी चहाचा एक कप जाऊ लागला.

दिवाळीच्या तोंडावर बदलीची तुकडी पोचली. चौदा दिवस वेगळं राहून प्रसेनजित घरी आला. ट्रंक खाली ठेवत म्हणाला, "बाबा?"

"आत हायेत," जनकाबाई म्हणाल्या.

तो आत गेला. दोघी बाहेर कान देऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं तो येऊन उंबऱ्यावर बसला.

"कधी?"

"एप्रिलात."

"मंग मले ऐकू येत होतं, ते?"



तिसऱ्या दिवशी जलदान झालं. त्यानंतर घरात तो खोकला कोणी ऐकला नाही.

मंजुश्री पुढे अंगणवाडीत मदतनीस झाली. प्रसेनजित हवालदार होऊन सरहद्दीवर गेला. आईला त्यानं कधी बोल लावला नाही. मात्र "सगळे बरे आहेत" यावर त्याचा विश्वास बसत नाही. फोनवर चेहरे दिसू लागले की तो एवढंच म्हणतो, "आई, समद्याहिले समोर उभं कर."

जनकाबाई मुकाट्यानं सुनेला आणि नंतर झालेल्या नातीला, महामायाला, ओळीनं उभं करतात. मग शेजारी एका माणसापुरती जागा सोडून स्वतः उभ्या राहतात.